उसना गुडघा

विक्रांत सबनीस आयुष्यात एकदाही अमेरिकन फुटबॉल खेळला नव्हता. खेळाचं म्हणाल तर त्याची मजल कॅरमपर्यंत, आणि तिथेही हातातली क्वीन घालवण्यात त्याचा हातखंडा. असा माणूस आयर्लंडमधल्या एका हौशी संघाचा कोच कसा झाला, हे लोक कौतुकाने विचारतात. तो विषय बदलतो.

पुण्याहून तो आयर्लंडमधल्या मेनूथला एमएस्सी करायला आला, तेव्हा रूममेट त्याला एका सामन्याला घेऊन गेला. मैदानाच्या कडेला एक जण भिजलेल्या वहीत कोण किती यार्ड पळालं ते लिहीत होता, आणि पावसाने अर्धे आकडे धुऊन नेले होते. विक्रांतला ते बघवेना. त्याने लॅपटॉपवर तक्ता करून दिला आणि तिथेच अडकला. आधी आकडे, मग सामन्यांचं शूटिंग, मग ते शूटिंग दहादा बघून समोरचा संघ कुठून घुसणार ते शोधणं. नोकरी लागली, लग्न झालं, ब्लँचर्डस्टाउनला फ्लॅट घेतला, तरी रविवार क्लबचाच. चार-पाच वर्षांत समोरच्यांची चाल त्याला आधीच कळायला लागली. ही अक्कल त्याच्या स्वतःच्या कष्टाची होती. तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

मार्च २०२०मध्ये महामारी आली आणि संघाचे अमेरिकन कोच मिळेल त्या विमानाने घरी गेले. क्लबचा अध्यक्ष डेक्लन याने विक्रांतला फोन केला.

"तूर्त तूच सांभाळ. एक विचारू? तू स्वतः कधी अंगाला अंग भिडवणारा खेळ खेळलायस?"

नाही म्हणायला काय जात होतं? डेक्लनने सहज विचारलं होतं. पण दाराएवढे रुंद गडी आता आपल्याला 'कोच' म्हणणार, या कल्पनेनेच विक्रांत हुरळून गेला.

"कबड्डी," तो म्हणाला. "जिल्ह्याच्या संघात होतो. उजवा कोपरा."

जिल्ह्याच्या संघात उजव्या कोपऱ्यावर होती ती त्याची बायको, भार्गवी. सांगलीची पोरगी. घोटा धरला की चढाई करणारी जागची हलायची नाही, अशी तिची ख्याती. विसाव्या वर्षी राज्य संघाच्या निवड चाचणीत एका पकडीत तिचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं आणि खेळ कायमचा सुटला. अजूनही थंडीत जिना उतरताना ती कठडा धरते. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नाही.

लॉकडाउनमध्ये घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायची बंदी होती. विक्रांतने तिला म्हटलं, "मला पकड शिकव ना. पोरांना उपयोग होईल." भार्गवीने उत्साहाने सोफा भिंतीला लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याने तिच्या खेळाबद्दल विचारलं होतं.

"डोळ्यांत काय बघतोस? कंबर बघ. माणूस डोळ्यांनी फसवतो, हातांनी फसवतो. कंबर जाईल तिकडेच त्याला जावं लागतं."

संध्याकाळी विक्रांत बेडरूमचं दार लावून झूमवर संघाला हेच वाक्य इंग्रजीत ऐकवायचा. पुढे 'मी खेळायचो तेव्हा' एवढं जोडायचा. आयत्या बिळावर नागोबा! दार लावताना आपण चोरी करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी वर्षभर तो ते लावत राहिला.

जून २०२१मध्ये अंगाला अंग लावून सराव करायची परवानगी मिळाली. कायमचा मुख्य कोच नेमायचा होता आणि डेक्लन सराव बघायला येणार होता. भार्गवीही हौसेने आली. आपलं शिकवणं मैदानावर कसं दिसतं ते तिला बघायचं होतं.

मध्येच एक खेळाडू ओरडला, "कोच, ती घोट्याची पकड एकदा करून दाखवा ना!" सगळे टाळ्या वाजवू लागले. नाही म्हणायची सोय उरली नाही. समोरून तो गडी धावत आला, विक्रांतने झेप घेतली आणि तोंडावर आपटला. पळणारा केव्हाच पुढे गेला होता.

डेक्लन काळजीने जवळ आला. "जुनी दुखापत आहे का?"

"हो," विक्रांत तोंडातलं गवत थुंकत म्हणाला. "गुडघा. राज्याच्या निवड चाचणीत गेला."

बोलून झालं आणि त्याने मान वर केली. भार्गवी पाण्याची बाटली घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. बाटली त्याच्या हातात देऊन ती कारकडे चालू लागली, नेहमीसारखी उजवा पाय जरा जपत. विक्रांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार तीच चालवत होती. सिग्नलला गाडी थांबवून ती म्हणाली, "पकड घेतलीस, घे. शिकवताना मलाच मजा येत होती. गुडघा तरी माझा मला ठेवायचास, विक्रांत."

चार दिवस त्याला अन्न गोड लागेना. आरशासमोर दाढी करायचीही लाज वाटू लागली. शेवटी त्याने डेक्लनला ईमेल लिहिलं: मी कधीच काही खेळलो नाही, जिल्हा तिचा, पकड तिची, गुडघाही तिचा. पाठवून तो हाकलून देण्याची वाट बघत बसला. खरं तर त्याला तेच हवं होतं. शिक्षा झाली की लाज थोडी उतरेल, असा त्याचा हिशेब होता.

दहा मिनिटांत डेक्लनचा फोन आला. "अरे, यू आर ग्रँड, काही बिघडलं नाही! आमच्यात कोण थापा मारत नाही? पोरं सुधारली, मला तेवढं पुरे. कोच तूच."

विक्रांतच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो तसाच स्वयंपाकघरात गेला. भार्गवी पोहे धूत होती.

"मी डेक्लनला सगळं खरं सांगितलं," तो म्हणाला. "त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं मला."

भार्गवीने चाळण झटकली आणि चार दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"त्यांनी? त्यांचं काय गेलं होतं?"