धरणातलं बेट आणि रिकामी वस्ती

मंगरूळपीरहून निघालेली एसटी आसेगावच्या अलीकडे एका फाट्यावर मला उतरवून धूळ उडवत निघून गेली. सोयाबीन काढून झालं होतं. मोकळ्या वावरांतून (शेतांतून) फक्त तूर उभी होती. पायवाटेनं चढ ओलांडला आणि समोर एकदम पाणी दिसलं. धरणाचं पाणी, आणि त्याच्या मधोमध एक टेकडी.

धरण भरलं तेव्हा खालचं गाव उठलं, टेकडी तेवढी राहिली. तिच्या माथ्यावर माझी कॉलेजातली मैत्रीण सुलभा सासऱ्यांसोबत राहते. नवरा नोकरीसाठी नागपूरला. टेकडीच्या उतारावर त्यांच्या शेतात राबणाऱ्यांची वस्ती आहे, असं तिनं मागे सांगितलं होतं.

काठावर एकच डोंगा (लहान नाव) होता. त्यात शेवंता नावाची बाई बसली होती, चाळिशीची, काटक.

"पाटलाच्या घरी जाता?" तिनं विचारलं.

"सुलभाकडे."

"बसा मंग."

उतरताना माझा पाय गुडघाभर चिखलात गेला आणि एक चप्पल तिथंच राहिली. शेवंतानं पिशवी हातात दिली, पण स्वतः बेटावर पाय ठेवला नाही.

"तुमी पावण्या हाय. उद्या सकाळी येतो मी, तुमाले न्यायले. फक्त तुमाले."

अनवाणी पायानं मी वस्तीतून वर चढू लागले. एकाही घराला कुलूप नव्हतं. दारं नुसती लोटलेली. अंगणांत गवत उगवलेलं, चुलींत थंड राख. कोंबडी नाही, कुत्रं नाही. एका दोरीवर लहान मुलाचं झबलं वाळून कडक झालं होतं. मी हाक मारली, तर माझाच आवाज मला नकोसा वाटला.

सुलभानं गरम भाकरी, तुरीचं वरण आणि मिरचीचा ठेचा वाढला. आतल्या खोलीत तिचे सासरे, आबाजी, खोकत होते. तिनं आवाज खाली आणला.

पावसाळ्यात शेवंताची आई वारली. धरणाचं पाणी चढून वस्तीची मसणवट बुडाली होती. कोरडी जागा फक्त वर, पाटलांच्या वावरात. आबाजींनी नकार दिला. आज जागा दिली तर उद्या हक्क सांगतील, म्हणाले. मग पलीकडच्या काठावर न्यायला लोकांनी भर वाऱ्यात मयत डोंग्यात घातली. मध्यावर डोंगा उलटला. माणसं पोहून निघाली. म्हातारी काही सापडली नाही. तेरवी झाली आणि सगळी वस्ती पलीकडच्या काठावर राहायला गेली.

"मग तू का थांबलीस?"

"मला नेतात ते. आबाजींना नेत नाहीत."

दिवस मावळताना तिनं मला ओसरीवर बोलावलं. पलीकडच्या काठावर माणसं ओळीनं उभी होती. बायका, म्हातारे, कडेवर मुलं. कुणी हलत नव्हतं. सगळे बेटाकडे पाहत होते.

"रोज येतात," सुलभा म्हणाली. "काही करत नाहीत."

अंधारानं तो काठ पुसून टाकला, तरी ते तिथंच असल्यासारखं वाटत राहिलं.

पहाटे आबाजींना धाप लागली. ओठ निळसर पडले. सुलभानं फोन केला. रुग्णवाहिका काठापर्यंत येणार होती, पुढं पाणी. आम्ही दोघींनी त्यांना धरून खाली आणलं. धुकं इतकं दाट होतं की आधी वल्ह्याचा आवाज आला, मग मला न्यायला आलेला शेवंताचा डोंगा दिसला.

शेवंतानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बसवा त्याले," ती म्हणाली.

पाण्याच्या मध्यावर तिनं वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. दोन्ही काठ धुक्यात गेले होते. आबाजींच्या घशातली घरघर तेवढी ऐकू येत होती.

"इथंच गेली माही माय," शेवंता म्हणाली. "जिनगानी गेली तिची तुमच्या वावरात. तिचं नाव सांगा."

सुलभानं तोंड उघडलं, तसा शेवंतानं हात वर केला. "तुमी नका सांगू, वयनी."

डोंगा हळूहळू स्वतःभोवती फिरू लागला.

"मले... नाही ठाऊक," आबाजी म्हणाले. "बुढी (म्हातारी) म्हनत होतो आमी."

"मंग इचारा."

त्यांनी दोनदा श्वास गोळा केला. "काय नाव होतं तुह्या मायचं?"

"गोदा."

"गोदा," ते म्हणाले.

शेवंतानं वल्हं पाण्यात घातलं.

काठावर माणसं उभीच होती. त्यांनी वाट करून दिली आणि त्यांच्यातल्याच चौघांनी आबाजींना उचलून गाडीत ठेवलं.

आबाजी वाचले. दवाखान्यातून ते मुलाकडे नागपूरला गेले, पुन्हा बेटावर आले नाहीत. सुलभानं माथ्यावरचा वावराचा एक तुकडा मसणवटीसाठी वस्तीला दिला. काही घरं परतली. शेवंता परतली नाही; ती पलीकडेच राहते आणि डोंगा चालवते.

घरी, नाशकात हे सांगितलं की सगळे एकच विचारतात: आबाजींनी नाव विचारलं नसतं, तर शेवंतानं त्यांना तिथंच मरू दिलं असतं का? मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, तिचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता, तरी मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं की माणूस डोळ्यांसमोर गुदमरत होता, डोंगा थांबलेला होता, आणि आम्हा दोघींपैकी एकीनंही तिला 'चल' म्हटलं नाही.