अण्णांचं अमर तेल

आमच्या गल्लीतल्या अण्णांचं कापडाचं दुकान होतं, पण ज्ञान मात्र त्यांना इंजिन ऑइलचं होतं. ते कुठून आलं, हे कुणीच विचारलं नाही. विचारायला अण्णा बोलायचं थांबायला तर हवेत. कुणाचं बॉनेट उघडलं की अण्णा हजर. डिपस्टिक ओढायची, तेल दोन बोटांत चोळायचं, हुंगायचं आणि पेशंटच्या नातेवाइकांकडं बघावं तसं मालकाकडं बघायचं.

सिंथेटिक तेलावर त्यांचा खास राग. "प्लास्टिक वितळवून करत्यात त्ये," ते मला बजावायचे. "आपण घाण्यावरचं शेंगतेल खायाचं आन् गाडीला नकली पाजायचं व्हय?" जणू साधं इंजिन ऑइल कुणी बैल जुंपून घाण्यावर काढत होतं. शिवाय ते ताकासारखं पातळ, म्हणजे गळणारच. आणि एकदा घातलं की गाडीला चटक लागणार, पुन्हा साधं चालणार नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी नव्हे, घरातला मुलगा बिघडतोय.

मग बंगळूरच्या जावयानं अण्णांच्याच जुन्या गाडीत सिंथेटिक घातलं. ते गळलं नाही. चूक कबूल करण्यापेक्षा अण्णांनी पंथच बदलला. जावई म्हणाला होता, हे तेल जरा जास्त टिकतं. अण्णांनी त्यातलं 'जरा' तेवढं गाळलं आणि त्यानंतर तेल कधी बदललंच नाही. "लग्नागत हाय त्ये. एकदा केलं की बदलायचं न्हाय." आतून काकूंचा आवाज यायचा, "सोय असती तर मी कवाच बदललं असतं."

आणि एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं. शिरोळला अण्णांच्या थोरल्या बहीण, अक्का, एकट्या राहायच्या. बाकीचे भाऊ त्यांना फोनवरून सूचना देत होते. अण्णांनी किल्ली उचलली आणि मला शेजारी बसवलं.

अर्ध्या वाटेत मी म्हणालो, "अण्णा, तेलाचा लाल दिवा लागलाय."

"लागू दे की. त्यो साध्या तेलासाठी असतोय."

शिरोळ यायच्या आत इंजिनानं किंकाळी फोडली आणि ते जाम झालं. आम्ही पावसात रस्त्याकडेला उभे. अण्णांनी पहिल्यांदाच बॉनेटला हात लावला नाही, नुसते शिरोळच्या दिशेनं बघत राहिले. एवढंच म्हणाले, "अक्का एकलीच हाय रं." तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि त्यांत मांडीवर बोचकं घेऊन अक्का.

"मला न्यायला आलतास व्हय रं?"

"व्हय की."

"मग चढ वर."

अशा रीतीनं आम्ही अक्कांची सुटका केली.

गॅरेजमध्ये तेल सोडायला बोल्ट काढला, तर काही पडेचना. आत काकवी झालेली. "अण्णा, सिंथेटिक झालं तरी बदलाय लागतंय की," मेकॅनिक म्हणाला. अण्णांनी निदान केलं, "तेल चांगलंच हुतं. इंजिन हलकं निघालं."

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. भेटायला आलेल्या माणसांत त्यांच्या तेलाच्या गोष्टी निघाल्या. मी लाल दिव्याचा किस्सा सांगितला, भाऊही हसले. कोपऱ्यात बसलेल्या अक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

"हसा की," त्या म्हणाल्या. "पर मरायला टेकलेली गाडी घिऊन पुराच्या तोंडाला त्यो एकलाच आलता. शान्या भावांचं मला नुसतं फोन आलतं."