पिकअप नसलेली गाडी

पायलटने आयुष्यात विमान पाहिलं ते फक्त मान वर करून. पण सरकारी इस्पितळात रुग्णवाहिका चालवणाऱ्याला पायलट म्हणायची पद्धत होती. सव्वीस वर्षं तीच हाक कानावर पडल्यामुळे बँकेतल्या बाईंनी त्याचं खरं नाव पुकारलं की तो शेजारच्याकडे बघायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी जिन्यात, दुकानात, न्हाव्याकडे तो पायलटच होता.

वेगाने गाडी हाकणारे इस्पितळात बरेच होते. पायलटचं नाव होतं ते फट ओळखण्यासाठी. दोन ट्रकांमधली मोकळी जागा एका नजरेत जोखायची, आपण तिथे पोचेपर्यंत ती केवढी उरेल याचा अंदाज बांधायचा आणि नेमक्या क्षणी पाय दाबायचा. तोही असा, की मागे सलाइन लावणाऱ्या नर्सचा हात हलू नये. या बाबतीत तो जरा शिष्टच होता, आणि ते त्याला शोभायचंही.

एवढा गाडीतला माणूस, पण त्याने बॉनेट कधी उघडलं नाही. रोज सकाळी इस्पितळाचा मिस्त्री एक कागद आणायचा. ब्रेक, टायर, ऑइल, बॅटरी, सगळ्यांपुढे 'ठीक', खाली मिस्त्रीची सही. शेजारी पायलट सही करायचा, कागदाकडे न बघता. नवे चालक वाकून वाकून टायर बघायला लागले की तो हसायचा. "ज्याने बघायचं त्याने बघितलंय. आता मीही बघत बसलो तर पेशंट नेणार कोण?" सव्वीस वर्षांत मिस्त्रीचं 'ठीक' एकदाही खोटं निघालं नव्हतं, हेही खरंच.

निवृत्तीनंतर चार महिने तो घरात बसला, म्हणजे बायकोच्या डोक्यावर बसला. खिडकीत उभं राहून समोरच्या इमारतीतले लोक गाड्या कशा लावतात यावर दिवसभर टीका चालायची. "अगं, बघ तरी, स्टेअरिंग आधीच फिरवलं! आता घासणार." शेवटी बायकोने हात जोडले. "घ्या बाई एकदाची गाडी. पण एक सांगते, आता कुणाचा जीव वाचवायला जायचं नाही. भाजी आणायला जायचं."

गाडी मिस्त्रीनेच शोधली. तोही निवृत्त होऊन स्वतःचं गॅरेज टाकून बसला होता. एका औषध दुकानदाराची कॉम्पॅक्ट एसयूव्ही विकाऊ होती. उंच, रुबाबदार, समोरून बघणाऱ्याला वाटावं की डोंगर चढून आली आहे. मिस्त्रीने ती दोन दिवस ठेवून घेतली, सगळं तपासलं आणि किल्ली पायलटच्या हातावर ठेवत म्हणाला, "ठीक."

गाडी दिसायला फक्कड, बसायला आरामशीर, पण पिकअपच्या नावाने शंख. सिग्नल सुटला, पाय दाबला की इंजिन मोठ्याने गुरगुरायचं आणि गाडी मात्र विचार करत बसायची. स्कूटरवाले पुढे जायचे, सामानाने लादलेला टेम्पो पुढे जायचा. एकदा तर शाळेची बस पुढे गेली आणि मागच्या खिडकीतल्या मुलांनी त्याला टाटा केला. पुलाचा चढ आला की तो आधी एसी बंद करायचा, मग खालचा गिअर टाकायचा आणि नकळत स्वतःच सीटवर पुढे सरकायचा. शेजारी बसलेली बायकोही पुढे सरकायची. वरती पोचल्यावर दोघं सुस्कारा सोडायचे.

"मिस्त्री, ही ओढत का नाही?"

"अरे, अंग मोठं आणि इंजिन एवढंसं. या गाड्या अशाच."

"फिल्टर बघितलास?"

"बदलला. प्लग पण बदलले. पायलट, तुला रुग्णवाहिकेची सवय. लोक सायरन ऐकून बाजूला व्हायचे, तुला वाटायचं आपण उडतोय." असं म्हणून मिस्त्री हसायचा आणि चहा मागवायचा. पायलटही हसायचा. मिस्त्रीने सांगितलं म्हटल्यावर विषय संपला.

गाडीचा संथपणा त्याने अंगवळणी पाडून घेतला. दहा मिनिटं आधी निघायचं, ओव्हरटेक करायचा नाही, फट दिसली तरी सोडून द्यायची. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं काम त्याने आपणहून घेतलं होतं. भाजीवर समाधान मानणारा तो माणूस नव्हता, आणि हे बायकोलाही माहीत होतं. शिंपी मागच्या सीटवर डोळे मिटून पडायचा. "तुमच्या गाडीत झोप लागते हो," असं तो म्हणायचा आणि पायलटचा दिवस चांगला जायचा.

मग एके दिवशी पुलाच्या चढावर बरोबर तशीच गाडी, तोच रंग, तेच मॉडेल, त्याच्या शेजारून सळसळत निघून गेली. चालवणारी एक मध्यमवयीन बाई, मागे चार माणसं, वरती कॅरिअरवर बॅगा. पायलटने पाय पार खालपर्यंत दाबला. निदान त्याला वाटलं की पार खालपर्यंत. गाडी होती तिथेच गुरगुरत राहिली.

त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "गाडीत काही खोट नाहीये गं. माझ्या पायात आहे. मला वाटतं मी दाबतोय, पण तो दाबत नाहीये."

बायकोने तेल कोमट केलं, खाली बसली आणि त्याचं उजवं पाऊल मांडीवर घेतलं. त्यानंतर रोज संध्याकाळी चहा झाला की ती त्याच्या पायाला तेल लावू लागली. टाचेपासून बोटांपर्यंत, एकेक बोट ओढून, अगदी मन लावून. पायलट खुर्चीत मागे टेकून सांगायचा, आज जरा बरं वाटलं, आज पुन्हा तसंच. कुणापुढे कधी भीती न दाखवलेला माणूस तिच्यापुढे सगळं बोलून मोकळा व्हायचा. ती ऐकून घ्यायची. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून, तळव्याला टाचणी टोचून बघितली आणि "वयाच्या मानाने उत्तम" असं सांगितलं. पायलटने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. गाडीवर ठेवला.

पुढच्या महिन्यात बायकोबरोबर बहिणीकडे जाताना तो छोट्या रस्त्यावरून बायपासला लागत होता. उजवीकडून ट्रक येत होता, लांब होता. फट मोठी होती, डोळे मिटून जाता येईल एवढी. त्याने पाय दाबला. गाडी अर्ध्यात पोचली आणि रेंगाळली. ट्रकवाल्याचे ब्रेक किंचाळले, बायको किंचाळली, आणि ट्रक मागच्या बंपरला वाऱ्यासारखा चाटून गेला. ट्रकवाल्याने खिडकीतून मान काढून त्याच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. आयुष्यात पहिल्यांदा पायलटने रस्त्यात कुणाची शिवी खाली मान घालून ऐकून घेतली.

घरी येऊन त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. "गाडी सोडतो मी," तो म्हणाला. "उद्या शिंप्याला घेऊन असं झालं तर?" बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

शिंप्याला सांगणं जड गेलं. शिंपी म्हणाला, "बरं. नेलंत इतके दिवस, तेच खूप." दुसऱ्या दिवशी सकाळी पायलटने खिडकीतून त्याला पिशवी घेऊन बस थांब्याकडे जाताना पाहिलं. दोन बस बदलून जायचं होतं त्याला. मधे दोनदा तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. पायलट खिडकीतून आत वळला आणि त्या दिवशी जेवला नाही.

गाडी बघायला एक शाळामास्तरीण आली. ठेंगणी, चटपटीत. सीट पुढे ओढून बसली, क्लच दाबून बघितला, ब्रेक दाबला, ॲक्सिलरेटर दाबला आणि थांबली. पुन्हा दाबला.

"काका, हा पूर्ण खाली का जात नाही?"

"पूर्णच जातो की."

"नाही हो. ब्रेक बघा केवढा जातो. हा अर्ध्यावरच टेकतोय कशावर तरी." असं म्हणून ती खाली वाकली, कोपऱ्यातला गालिचा उचकटला आणि म्हणाली, "इथे काहीतरी ठोकळा चिकटवलाय."

पायलट गुडघ्यांवर बसला. पॅडलच्या मागे, गालिचाखाली, दोन बोटं जाडीचा काळ्या रबराचा ठोकळा होता. कडा तासून गुळगुळीत केलेल्या, खाली पत्र्याची पट्टी, दोन स्क्रू. असं नेटकं काम जगात एकच माणूस करायचा. पायलटला ते पाहताक्षणी कळलं, आणि कळूनही तो बराच वेळ तसाच वाकून बसला.

"मग गाडी द्यायचीय ना?" मास्तरणीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

गॅरेजमध्ये मिस्त्री एका स्कूटरपाशी बसला होता. पायलटचा चेहरा बघून त्याने पाना खाली ठेवला. लपवाछपवी केली नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

"तुझी बायको आली होती रे. गाडी इथे असतानाच. माझ्यासमोर रडली. म्हणाली, घरी बसवला तर झुरेल आणि गाडी दिली तर कुठेतरी आपटेल. तुम्ही काहीतरी करा. मग मी..."

"मी तुझ्या 'ठीक'वर पेशंट नेलेत, मिस्त्री."

"तुझ्या भल्यासाठीच केलं."

"एक दिवस तरी म्हणायचंस. मी इथे बसून तुझा चहा प्यालो. गाडी ओढत का नाही म्हणून कितीदा विचारलं तुला. तू प्लग बदलत होतास!"

मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठला. पाच मिनिटांत ठोकळा निघाला. तो हातात धरून आता याचं काय करायचं ते त्याला कळेना. पायलटने गाडी मागे घेतली आणि पुन्हा कधी त्या गॅरेजची पायरी चढला नाही.

घरी बायको दारातच उभी होती. मिस्त्रीचा फोन येऊन गेला असणार.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "फोन वाजला की मी उचलायला घाबरायचे. मला वाटायचं, आता कळवतील. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मी पहिल्यांदा सुखाने जेवले. पुन्हा ते नको होतं मला."

"मग मला सांगायचंस. मी हळू चालवली असती."

"नसती चालवली."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून त्याचा राग आणखी भडकला. "ट्रक अंगावर आला तेव्हा? तेव्हाही गप्प बसलीस?"

"तेव्हा सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते. पण तुम्हीच म्हणालात, गाडी सोडतो. मग मला वाटलं... सुटले."

पायलट खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याने पायाकडे पाहिलं. मिस्त्रीचं तो एकवेळ समजू शकत होता. मिस्त्री बाहेरचा. "आणि तेल?" त्याने विचारलं. "रोज तेल लावत होतीस."

"तुम्हाला त्रास होत होता म्हणून."

"मला त्रास नव्हता. मला वाटत होतं, माझा पाय मेलाय. तुला माहीत होतं तो जिवंत आहे. तो मांडीवर घेऊन बसत होतीस तू, आणि मी जे बोलायचो ते ऐकत होतीस."

ती रडली. तो रडला नाही आणि तिला उगी उगी म्हणालाही नाही. पुढचे चार दिवस घरात मीठ संपलं आणि बिल आलं, एवढंच बोलणं झालं.

पाचव्या दिवशी तो खाली जाऊन शिंप्याला म्हणाला, "आजपासून मी नेतो तुम्हाला." बायकोने न विचारता चपला घातल्या आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शिंपी मागे बसला आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

गाडी बदलली होती. सिग्नलला सवयीने पाय पार दाबला की ती उडी घेत होती. दोनदा पायलटने दचकून पाय उचलला आणि तिघांनाही हिसका बसला. पुलाचा चढ ती एसीसकट चढली.

इस्पितळाकडे जायला बायपास लागायचाच. त्याने गाडी तोंडाशी उभी केली. उजवीकडून एक ट्रक येत होता, बराच लांब. मधली फट भली मोठी होती. त्याला ती नीट दिसत होती, तेवढं सव्वीस वर्षांचं शिक्षण शाबूत होतं. त्याने पहिला गिअर टाकला. पाय पॅडलवर होता आणि दाबला जात नव्हता. ट्रक निघून गेला. मग दुसरी फट आली, पहिलीपेक्षाही मोठी. तीही गेली.

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

पायलटने मान वळवून बायकोकडे बघितलं. "जाऊ का गं?" त्याने विचारलं.

तिने डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं. गाड्या येत होत्या, जात होत्या. तिने कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती.

"मला नाही हो कळत," ती म्हणाली.