दोष देता का?

भिवंडीतल्या सरकारी दवाखान्यात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा मला बसायला जुनी एक्स-रेची खोली मिळाली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीपलीकडे दिवसभर खडखडणारे कापडाचे लूम. माझं काम मुलाखती घेण्याचं. समोरच्या माणसाला भीतीचा किंवा आघातानंतरचा आजार आहे का, असला तर किती, हे ठरलेले प्रश्न विचारून नोंदवायचं, उत्तराला शून्य ते चार असा आकडा द्यायचा आणि कागद डॉक्टरांकडे पाठवायचा. मी इथल्याच निजामपुऱ्यात वाढलेली, मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवणारी. लोक माझ्याशी बोलतील याची मला खात्री होती. बोलायचेही.

ती आली भावाबरोबर. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, दापोड्याजवळच्या गावातली, गोदामात पॅकिंगला जाणारी. चार महिन्यांपूर्वी त्या गोदामाची इमारत कोसळली होती. ही सात तास स्लॅबखाली होती. शेजारच्या घरातली मैत्रीण, जिच्याबरोबर ती रोज कामाला जायची, तिच्या बाजूलाच अडकली होती. मैत्रीण वाचली नाही.

हे सगळं भावानेच सांगितलं. "जेवत न्हाय, झोपत न्हाय. गाडीचा हॉर्न वाजला तरी उठून उभी राहते," तो म्हणाला. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं.

सुरुवातीचे प्रश्न भराभर झाले. स्वप्नं पडतात का? "पडतात." त्या जागेवर जायचं टाळता का? "रिक्षा तिथूनच जाते. डोळं मिटून बसते." घरात असताना भीती वाटते का? "छताकडं बघत राहते." शिरगणतीला आलेल्या माणसाला द्यावीत तशी ती उत्तरं देत होती आणि मी आकडे लिहीत होते. मुलाखत छान चाललीय, असं मला वाटलं होतं. आज हे सांगताना लाज वाटते.

मग मी विचारलं, "जे घडलं त्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देता का?"

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "ह्ये सगळ्यांना इचारता?"

"हो, सगळ्यांना."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली बघून बोलू लागली. स्लॅबखाली पाण्याची बाटली तिच्या कुशीतच राहिली होती. अर्धी भरलेली. पलीकडून मैत्रिणीने विचारलं, पाणी हाय का गं?

"मी म्हटलं, न्हाय. माझा हात तिच्यापत्तूर पोचत व्हता, मॅडम. पोचत व्हता."

मैत्रिणीला ऐकू जाऊ नये म्हणून ही आवाज न करता एकेक घोट पीत राहिली. मैत्रीण आधी बोलत होती, नंतर नुसती कण्हत होती, नंतर तेही थांबलं.

अशा वेळी काय म्हणायचं, ते आम्हाला शिकवलेलं असतं. मी म्हणाले, "तुम्ही जगायचा प्रयत्न करत होता." मी दुसऱ्याच कुणाशी तरी बोलते आहे, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"तिची आई रोज येते आमच्याकडं," ती म्हणाली. "डोक्यावरून हात फिरवते. म्हणते, तू व्हतीस म्हणून माझी पोर एकटी मेली न्हाय."

मी कागदावर चार लिहिले. त्याहून मोठा आकडा तिथे नव्हता.

मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा यायचे. माझा कागद समोर असूनही त्यांना स्वतः विचारावं लागायचं, नियमच तसा. तिने त्यांना अर्धंच सांगितलं. पुढच्या महिन्यात ते बदलून गेले. नव्या डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा ती मध्येच उठली आणि माझ्या खोलीत आली.

"तुम्ही लिवलंय ना? मग वाचा की. किती येळा मारू तिला?"

मी बसा म्हणाले. ती बसली नाही, पुन्हा आलीही नाही. फोन केला की भाऊ म्हणायचा, बरी हाय.

दोन महिन्यांनी एका दुपारी मी तिच्या गावी गेले. ती ओट्यावर बसली होती आणि मागे बसलेली एक बाई तिचे केस विंचरत होती. ती मैत्रिणीची आई होती. मी दवाखान्यातून आलेय म्हटल्यावर तिने मला आग्रहाने बसवलं.

"मॅडम, हिला तुम्हीच बोलतं करा," ती म्हणाली. "मला काय सांगत न्हाय. आतल्या आत कुढते."

केस विंचरून घेणारी ती माझ्याकडे बघत होती. हॉर्नला, छताला घाबरणारी ही मुलगी आता मला घाबरली होती. जगात ती पाण्याची गोष्ट पूर्ण माहीत असलेली मी एकटीच होते आणि त्या आईसमोर येऊन बसले होते. त्यांनी दिलेला चहा मी कसाबसा संपवला आणि उठले. ती ओट्यावरून हलली नाही.

भाऊ मला मोटारसायकलवरून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. ती पुन्हा कामाला जाते, दुसऱ्या गोदामात, असं त्याने सांगितलं. मग जरा घुटमळून विचारलं, "मॅडम, हिच्या आजाराला नाव काय हाय?"

मी नाव सांगितलं. विसरू नये म्हणून त्याने ते दोनदा पुटपुटलं.

"नाव हाय म्हंजे औषध पण असंल ना?"

"आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. कंटेनरच्या रांगेतून वाट काढत तो घराकडे निघून गेला.