गंजणाऱ्या हाताचा गिटारवाला

शाळेच्या संगीत वर्गात मुलांना समूहगीत शिकवत होते, तेव्हा दिलीपच्या बायकोचा, रेखावहिनींचा फोन आला. फोन घ्यायचा नाही असा माझाच नियम, पण त्यांचं नाव दिसलं की गेले काही महिने माझा हात आपोआप फोनकडे जायचा. "अलकाताई, मशीनवरच गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, कुणी मोठ्यानं कुणाला तरी हाका मारत होतं… डायलिसिस चालू असतानाच दिलीपचं हृदय थांबलं होतं. मुलं पुढच्या ओळीसाठी माझ्याकडे बघत उभी होती आणि मला ती ओळ आठवेना.

त्याला आता काही आठवडे झाले. दिलीप नाशिकबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता आणि नाशिकमध्येही त्याला ओळखणारे आता पन्नाशीच्या पुढचेच. सातपूरच्या एका कारखान्यात तो ग्राइंडिंग खात्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मी गायचे. सायखेड्याचे भाऊसाहेब ऑक्टोपॅड वाजवायचे आणि ऑर्केस्ट्राही तेच चालवायचे. लग्नं, कॉलन्यांचे वार्षिक समारंभ, तालुक्याच्या गावच्या जत्रा, असं आम्ही बरीच वर्षं फिरलो. स्टेजवर दिलीप नेहमी माझ्या डाव्या हाताला उभा असायचा. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, जो तो आपापल्या संसाराला लागला, तरी मला अजून गाताना डाव्या बाजूला जरा मोकळं मोकळं वाटतं.

दिलीपच्या हाताला घाम यायचा. घाम सगळ्यांनाच येतो, पण त्याचा घाम लोखंड खायचा. कारखान्यात लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात हे कळलं. घासून आरशासारखे केलेले भाग तपासणीला गेले आणि त्यांवर तांबूस ठसे उमटलेले. साहेबांनी ज्यांनी ज्यांनी ते हाताळले होते त्यांना ओळीनं उभं केलं. ठसे याचेच निघाले. तेव्हापासून त्याला कायमचे हातमोजे मिळाले आणि खात्यात नाव पडलं 'गंज्या'. तो स्वतःही हे नाव हसत सांगायचा. मात्र हातमोजे घालून गिटार वाजत नाही. नव्या तारा चढवल्या की पहिला दिवस त्या झळाळत, आवाज असा की समोरच्या रांगेतली माणसं मान वर करत. आठवडा उलटायच्या आत त्या काळ्या पडत, बोटाखाली खरखरत, आणि मग एखाद्या कार्यक्रमात गाण्याच्या मध्येच तुटत. तुटायच्या त्या बहुधा घोडीपाशी, म्हणजे तारा जिथं गिटारच्या अंगावर टेकतात तिथं, उजव्या तळव्याच्या अगदी जवळ, तिथंच तर घाम सगळ्यात जास्त लागायचा. तारा पुसून बघितल्या, उकळत्या पाण्यातून काढून बघितल्या, हाताला पावडर लावून बघितली. काही उपयोग झाला नाही.

मेनरोडवरच्या दुकानदारानं कधीतरी त्याला कोटेड तारा दिल्या. नेहमीचीच पोलादी तार, पण वरून इतकं पातळ वेष्टन की डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना कळतं. घाम आत शिरत नाही, म्हणून तार गंजत नाही. दिलीपनं एक कार्यक्रम त्यांवर वाजवला आणि परतीच्या जीपमध्ये सगळा वेळ तोंड पाडून बसला. "प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून जेवल्यासारखं वाटतंय गं," म्हणाला. त्याचं म्हणणं, बोट ठेवलं की तार बोटाला धरून ठेवायला हवी. ही तार ओल्या साबणासारखी निसटते, आणि आवाजातली धार कुणीतरी तळहातानं झाकल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या काढून टाकल्या आणि पुन्हा गंजणाऱ्या तारांकडे वळला. तार तुटली तरी चालेल, पण बोलली पाहिजे, असं त्याचं तेव्हाचं मत होतं… तेव्हा तार तुटण्यात धोका असा काही नव्हता.

पुढे रक्तदाबानं त्याच्या किडन्या खाल्ल्या. पाय सुजायला लागले, जिना चढताना धाप लागायची, आणि एका तपासणीनंतर डॉक्टरांनी डायलिसिसचं नाव काढलं. त्यासाठी आधी हातात फिस्टुला करतात. धमनी आणि शीर एकमेकींना जोडायच्या, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यात दर वेळी मशीनच्या सुया टोचता येतात. त्या दिवशी वहिनींनी मलाही सोबत नेलं होतं. डॉक्टर मॅडम वयानं लहान, पण शांत होत्या. फिस्टुला शक्यतो डाव्या हातात करतात, कारण उजव्यानं माणूस जेवतो, लिहितो, असं त्यांनी समजावलं.

"डावा नको," दिलीप म्हणाला.

"का?"

"डाव्यानं मी तारा दाबतो. उजव्यात करा."

"आणि उजव्यानं?"

"उजवा नुसता छेडतो."

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता, त्यांची नखं मला रुतत होती. मॅडमनी दोन्ही हातांच्या शिरा पुन्हा तपासल्या, उजव्यातही जमेल म्हणाल्या. पण त्याच वेळी त्यांनी एक गोष्ट बजावली. फिस्टुलाच्या शिरेत रक्ताचा जोर फार असतो. तिथं काही कापलं, लागलं, तर रक्त धारेनं येतं. बोटानं दाबून धरायचं आणि तसंच दवाखान्यात यायचं, वाट बघत बसायचं नाही. वहिनींनी विचारलं, "गिटारची तार तुटून लागली तर?" मॅडमना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "मग तार तुटता कामा नये."

फिस्टुलाची जखम भरल्यावर दिलीपनं गिटारला हात लावला आणि घरात रोजची कटकट सुरू झाली. वहिनींचं म्हणणं एकच, वाजवणं बंद. त्यांनी गिटार लोखंडी कपाटावर ठेवली, त्यानं ती उतरवली. त्यांनी पुन्हा ठेवली. मी गेले की दोघंही माझ्याकडे न्याय मागायचे आणि मी चहाच्या कपात बघत बसायचे. वहिनी चिडून म्हणायच्या, "तुम्ही तरी सांगा ना यांना, तुमचं ऐकतात." तो माझं कधीच ऐकत नव्हता. शेवटी तोच एक दिवस मेनरोडला जाऊन कोटेड तारांची पाकिटं घेऊन आला आणि ती वहिनींच्या पुढ्यात ठेवली. "या गंजत नाहीत. गंजल्या नाहीत की तुटत नाहीत. आता बोल."

त्यानंतरचा तो काळ मला नीट आठवतो, कारण मी त्यांच्याकडे वरचेवर जायचे. दिलीप पलंगावर उशीला टेकून वाजवायचा. उजवा हात गिटारच्या कडेवर दाबला जाऊ नये म्हणून मनगटाखाली मऊ सुती कापडाची घडी ठेवायचा. वाजवून झालं की वहिनी रुमाल घेऊन यायच्या आणि एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायच्या, मग रुमाल खिडकीतल्या उजेडात धरून डाग शोधायच्या. डाग नसायचा. आधी ज्या तारा आठवडाभर टिकत नसत, त्यांच्या जागी ह्या महिना उलटून गेला तरी तशाच. एकदा मात्र त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन मला हाक मारत बाहेर आल्या, "अलकाताई, तार सुटायला लागलीय!" जिथं तार छेडायचं पिक लागायचं तिथं वेष्टन उसवून पांढरे बारीक धागे निघाले होते, मक्याच्या कणसाच्या केसांसारखे. दिलीप पोट धरून हसला. "अगं, कातडी सोललीय नुसती. हाड शाबूत आहे." वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ते धागे कात्रीनं कापले आणि ती तार पुन्हा पुसली.

हळूहळू दिलीपची त्या तारांबद्दलची तक्रारही कमी झाली. आजारानं त्याच्या बोटांची कातडी कोरडी, पातळ झाली होती, चिरा पडायच्या. साधी तार त्या चिरांत शिरली असती. ही गुळगुळीत तार बोटाखालून त्रास न देता सरकायची. "आजारी माणसाच्या हाताला ह्या बऱ्या," त्यानं एकदा कबूल केलं. मग म्हणाला, "बोलतात कमी. पण मी तरी कुठं आता जास्त बोलतो…"

भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ते स्वतः निमंत्रण घेऊन आले. "लय वर्षं झाली रे एकत्र वाजवून. हळदीला डीजे नाय लावणार, आपलीच मंडळी बसवणार," म्हणाले. दिलीपनं वहिनींकडे बघितलं. वहिनी उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी स्टेजजवळ बसणार. गाडी तोंड फिरवून ठेवायची. आणि नव्या तारा लावायच्या." भाऊसाहेबांना त्यातलं फारसं काही कळलं नाही, तरी त्यांनी सगळ्याला मान डोलावली.

सायखेड्याला गोदावरीच्या काठी, द्राक्षाच्या मळ्याशेजारी मांडव होता. आदल्याच दिवशी दिलीपचं डायलिसिस झालं होतं, चेहरा उतरलेला, पण शर्ट कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा. ऊन कलत होतं तरी मांडवात उकडत होतं. त्याच्या कपाळावरचा घाम मी बघत होते आणि वहिनी त्याच्या उजव्या हाताकडे. त्यांच्या मांडीवर स्वच्छ धुतलेल्या कापडांची घडी होती. पहिली काही गाणी नीट झाली. तालमीत तो तार दाबून वर ओढणं टाळत होता, कारण तिथंच तारेवर सगळा ताण येतो. स्टेजवरही टाळत होता. मग आमचं जुनं गाणं आलं. त्याच्यामध्ये गिटारचा लांब तुकडा आहे आणि त्यात तिसरी तार वर ओढून सूर चढवल्याशिवाय तो तुकडा उभाच राहत नाही. मी कडवं संपवून बाजूला झाले आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटले होते. मला कळलं, हा ओढणार… आणि ओढलीच. सूर वर गेला, थरथरला, आणखी वर गेला, आणि टण्‌कन आवाज झाला.

त्यानं उजवा हात झटकन मागे घेतला. बाहीच्या टोकाशी लाल रेघ दिसली. भाऊसाहेबांचा ताल चालूच होता, त्यांना काही दिसलं नव्हतं. मी माइक हातात धरून तशीच खिळले. मंडपातली माणसं वळून बघायच्या आत वहिनी स्टेजवर होत्या. त्यांनी त्याचं मनगट पकडलं, कापड दाबलं, दुसऱ्या हातानं बाही कोपरापर्यंत सारली. सगळ्या गावासमोर त्या त्याच्या हातावर बोटं टेकवून उभ्या राहिल्या. फिस्टुला चालू असला की शिरेला आतून सारखी घरघर लागते, रोज सकाळी ती बोटानं तपासायची असते. "चालू आहे," त्या पुटपुटल्या. मग कापड उचलून बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी एक ओरखडा होता. शिरेला काही झालेलं नव्हतं.

"रेखा, हे गाणं संपवू दे," तो म्हणाला.

मला वाटलं, त्या त्याला ओढत खाली नेतील. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या ओठांवर घाम होता. "संपवा," त्या म्हणाल्या. "मी इथनं हलणार नाही."

त्यानं ओरखड्यावर कापड गुंडाळून घेतलं, तुटलेली तार वेढा घालून बाजूला केली आणि उरलेल्या पाच तारांवर तो तुकडा पुन्हा सुरू केला. वहिनी हळदीसाठी नेसलेल्या साडीत, हातात डाग पडलेलं कापड घेऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मी शेवटचं कडवं कसं गायले, माहीत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असेल, हौशी नवरा-बायको आहेत.

घरी गेल्यावर दिलीपनं भिंगातून घोडी तपासली. तिसऱ्या तारेच्या खाचेला बारीक धार आली होती, तारेला आतून कापणारी. आयुष्यभर धारा घासून काढणाऱ्या माणसानं ती बारीक पॉलिश पेपरनं घासली. "तार चांगली होती, खाच वाईट होती," हे त्यानं मला फोन करून सांगितलं, जणू तारेवर कुणी आरोप केला होता. पण वहिनींनी त्याच दिवशी गाडीत सांगून टाकलं होतं, आता स्टेज नाही, आणि तो "बरं" म्हणाला होता. त्यानं शब्द पाळला. पुढे तो घरीच वाजवायचा, तेही अँप्लिफायर न जोडता. वायर न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार डासासारखी गुणगुणते, जवळ बसल्याशिवाय ऐकू येत नाही. मी शेवटची भेटायला गेले तेव्हाही तो असाच वाजवत होता आणि वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या.

परवा वहिनींनी मला बोलावलं. गिटार शाळेला द्यायची का, असं विचारायचं होतं. गिटार पलंगावरच होती. मी हातात घेतली. तारा स्वच्छ होत्या. मी म्हटलं, बरेच दिवस कुणी वाजवणार नसेल तर तारा सैल करून ठेवाव्या लागतील, नाहीतर ताणानं दांडी वाकते.

"सैल नको," वहिनी म्हणाल्या.

मग त्या माझ्या शेजारी बसल्या. आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, असं त्या सांगत आल्या होत्या, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. त्यांनी अंगठा वरपासून खालपर्यंत सगळ्या तारांवरून फिरवला आणि मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा फिरवला. वरून दुसऱ्या तारेवर बोट ठेवलं.

"ही उतरलीय."

मी ऐकलं. उतरली होती, अगदी केसभर. मी खुंटी पिळली, त्यांनी तार छेडली.

"अजून थोडी," त्या म्हणाल्या.