सगळ्यांच्या बाई

त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. चर्चच्या मंडळीतली लहानथोर सगळी माणसं त्यांना नुसतं बाई म्हणत. पाळकसाहेब आले, बदलून गेले, दुसरे आले, तेही बाईच म्हणू लागले. एकदा उपासना संपल्यावर पायऱ्यांवर एका बड्या डॉक्टरने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमचा धपाटा अजून आठवतो हो." बाई म्हणाल्या, "आठवतो ना? मग शर्टाचं वरचं बटण लाव आधी." आणि त्याने लावलं की मुकाट्याने!

बटणावर त्यांची नजर जाणारच. आठवडाभर त्यांचा धंदा तोच होता. मोठ्या रस्त्यावरच्या शिंप्याच्या दुकानात, आतल्या अंगाला, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून त्या काज-बटण करायच्या. शाळांचे गणवेश, कारकुनांचे शर्ट, लग्नाचे कोट. नवरा गेला तेव्हा मुलगा जेमतेम चालायला लागला होता, तेव्हापासून हे स्टूल. आणि रविवारी संडे स्कूल, तेही अगदी लहान मुलांचा वर्ग, जो घ्यायला कुणीच तयार नसतं. मोठ्या मुलांना शिकवायला सगळे पुढे, शेंबूड पुसायला बाई.

पण त्या वर्गाला त्यांनी शान आणली, हे मात्र खरं. देवळाच्या मागच्या बाजूला ठेंगण्या छताची एक खोली, त्यात बुटकी बाकं. दुकानातल्या चिंध्यांची त्यांनी मेंढरं शिवली होती, आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना एक मेंढरू खरोखरच कुठेतरी दडवायच्या. मग सगळा वर्ग बाकांखाली रांगत सुटायचा. नवीन मूल आलं की बाई दारातच गुडघे टेकून बसायच्या, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशा. त्याचे दोन्ही हात हातात घ्यायच्या आणि मान वळवून वर्गाला विचारायच्या, "हे बाळ कुणाचं रे?" सगळी पोरं छप्पर उडेल अशी ओरडायची, "आमचं!" रडत आलेलं मूलही गप्प व्हायचं. अहो, बाहेर उभ्या आयांचे डोळे भरून यायचे, मग मुलांचं काय घेऊन बसलात?

एका मुलाचं मात्र असं स्वागत कधी झालं नाही. ते म्हणजे बाईंचा स्वतःचा मुलगा. त्याचं कसं होणार? तो बाईंबरोबर सगळ्यांच्या आधी यायचा. कुलूप काढायचा, बाकं पुसायचा, खिडक्या उघडायचा. बाकीची मुलं दारात यायची तेव्हा हा आतच असायचा.

तेवढंच असतं तर चाललं असतं. पण पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली. वर्षाअखेरीला ज्याची बायबलमधली सगळी वचनं पाठ, त्याला रंगीत पेन्सिलींची पेटी मिळायची. ती मिळाली बाईंच्या मुलाला. आणि त्याने ती मिळवली होती हो, वशिल्याने नाही. रात्री जेवताना, सकाळी दात घासताना, पोरगं वचनं घोकत होतं. पण उपासनेनंतर गाणाऱ्या बायकांपैकी एक दुसरीला म्हणाली, "घरातच गेलं म्हणा बक्षीस." बाईंच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात म्हणाली.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. विधवा बाई, परक्याच्या दुकानात मान खाली घालून राबणारी. इज्जतीशिवाय जवळ होतं काय? दुसऱ्या रविवारी त्यांनी वर्गात मुलाला उभं केलं, त्याच्या हातातून पेटी घेतली आणि दुसऱ्या एका मुलाला देऊन टाकली. कारण सांगितलं नाही. मुलानेही विचारलं नाही. फक्त त्या दुसऱ्या मुलाने पेटी उघडली तेव्हा आतल्या तांबड्या पेन्सिलीला टोक केलेलं होतं, तेवढं सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून नियमच झाला. वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. बसायचं मागच्या बाकावर. खाऊ वाटताना सगळ्यांत शेवटी, उरला तर. नाटुकलीत पोरं राजे व्हायची, मेंढपाळ व्हायची, आणि हा पडदा ओढायचा. मंडळी कौतुकाने माना डोलवायची, "काय निःस्पृह बाई आहे! स्वतःच्या पोराचीसुद्धा गय नाही." त्या कौतुकाला आग लागो! पण बाईंना ते गोड वाटलं. माणूसच ते. कधी नव्हे ते लोक चांगलं बोलत होते.

मुलगा मिसरूड फुटेपर्यंत निमूट देवळात आला. मग एका रविवारी अंथरुणातून उठलाच नाही. पुढच्या रविवारीही नाही. बाई रागावल्या, रडल्या, पाळकसाहेबांना घरी घेऊन आल्या. मुलाने त्यांना चहा करून दिला, नीट बोलला, आणि आला मात्र नाही. पुढे काचेच्या कामाला लागला, खिडक्यांना काचा बसवायच्या, आरसे कापायचे. हात चांगला बसला. लग्न कचेरीत केलं. आईला काही कमी पडू दिलं नाही, औषधपाणी बघायचा, दर आठवड्याला बायकोपोरीला घेऊन भेटायला यायचा. पण देवळाचा विषय निघाला की टोपी उचलून चालू लागायचा.

आणि त्याची ती पोर, टिल्ली! बोटभर उंचीची, समोरचे दात पडलेले, तोंडाचा पट्टा बंद म्हणून नाही. जगाच्या पोरांना बाईंनी हात धरून आत घेतलं, पण स्वतःच्या नातीला नाही. दुसऱ्या मुलांसमोर गुडघे टेकताना आताशा बाईंना भिंतीचा आधार लागायचा. आणि दर वेळी मनात तेच यायचं, की हे गुडघे पुरते जायच्या आत एकदा टिल्ली दारात उभी राहू दे. बाकी त्यांना देवाकडे काही मागायचं नव्हतं.

शेवटी सुनेनेच एक दिवस कानात सांगितलं, "आई, टिल्ली मागे लागलीय. शेजारची मैत्रीण जाते ना तुमच्या वर्गाला, तर हिलाही जायचंय. यांना तुम्हीच विचारा. मी विचारलं तर भांडण होईल."

बाईंनी दुपारची सुट्टी काढली आणि मुलाच्या कारखान्यात गेल्या. तो मोठ्या टेबलावर काच आडवी टाकून कापत होता. पट्टी धरून हिऱ्याच्या कलमाने रेघ ओढायची, मग दोन्ही बाजूंनी हलकासा दाब, की काच रेघेवर मोडते. आई आलेली पाहून त्याने स्टूल पुसून दिलं.

"टिल्लीला पाठव रे," बाई बसायच्या आधीच म्हणाल्या.

त्याने हातातली काच मोडली, तुकडे वेगळे ठेवले.

"देवावर राग आहे तुझा?"

"देवाने काय केलंय माझं?" तो म्हणाला. "देवाचं नाव कशाला घेतेस मध्ये?"

"मग?"

"टिल्ली येईल. तिला यायचंय, मी आडवा येणार नाही. पण तुझ्या वर्गात नाही."

"अरे, लहानांचा वर्ग एकच आहे!"

"मग नाही येणार." त्याने हातमोजे काढले. आवाज चढलेला नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं. "तुझ्या वर्गात तुझं माणूस होऊन बसणं काय असतं, ते मी पाहिलंय, आई. घरी मला आई होती. तिथे गेलं की नसायची. माझ्या पोरीला मी आजीशिवायची करणार नाही."

बाईंना म्हणायचं होतं, अरे लोक बोलले असते. ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. कोण लोक? ती गाणारी बाई तर केव्हाच देवाघरी गेली होती.

त्या रविवारी बाईंनी पाळकसाहेबांना सांगितलं, की आता वर्ग होत नाही. साहेब बिचारे गडबडलेच. "बाई, तुमच्याशिवाय तो वर्ग म्हणजे..." "साहेब, गुडघे गेले माझे," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. मंडळीने टाळ्या वाजवल्या, शाल दिली, डॉक्टर भाषणात रडला. बाई कोरड्या डोळ्यांनी बसून राहिल्या. ज्यावर जगलो ते आपल्याच हाताने सोडताना रडायलाही येत नाही.

वर्ग गेला औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीकडे. ती बाईंच्याच हाताखाली, त्यांच्या मुलाबरोबर त्याच वर्गात वाढलेली, गुणी, बाईंवर जीव टाकणारी. सगळं बाईंसारखंच करायची, मेंढरू दडवायची जागासुद्धा तीच. टिल्ली आली तेव्हा औषधवाली दारात गुडघे टेकून बसली आणि तिने टिल्लीचे हात धरले. बाई तेव्हा मोठ्या दालनात, शेवटच्या बाकावर होत्या. भिंतीपलीकडून "आमचं!" ऐकू आलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यावर बसून राहिल्या. नात वर्गात आली होती. मागितलं ते मिळालं होतं. कुरकुर कुणाजवळ करायची?

मुलगा टिल्लीला फाटकापर्यंत सोडायचा आणि तिथूनच न्यायचा. आत पाऊल टाकत नसे.

मग मुलांनी वचन म्हणून दाखवायचा रविवार आला. टिल्लीने आठवडाभर आजीचं डोकं खाल्लं होतं. आजी ऐक, आजी पुन्हा ऐक. बाईंना काही बाकावर बसवेना. प्रवचन चालू असतानाच त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि व्हरांड्यातून वर्गाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती.

"कोण म्हणतंय आधी?" औषधवालीने विचारलं. टिल्लीचा हात सगळ्यांत आधी वर गेला. औषधवालीने दुसऱ्या मुलाला उभं केलं. असू दे, बाईंना वाटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा टिल्लीचा हात. आता ती बाकावर गुडघ्यांवर उभी राहिली होती, एका हाताने दुसरा हात वर ढकलत होती. औषधवालीने तिच्यावरून नजर फिरवली आणि पलीकडच्या मुलीला बोलावलं. मग आणखी एकाला. टिल्लीचा हात हळूहळू कोपरात वाकला.

तेवढ्यात औषधवालीची नजर दाराच्या काचेकडे गेली. बाईंना पाहून तिने समजूतदार हसून किंचित मान हलवली. काळजी करू नका बाई, मी आहे ना, असं.

हे औषधवालीने शिकावं म्हणून बाईंनी कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं. पण ती त्याच बाकांवर बसून लहानाची मोठी झाली होती, आणि मुलं सगळं बघत असतात.

त्यांनी दार ढकललं. "तिला विचार."

औषधवाली धावत दाराशी आली, हळूच म्हणाली, "बाई, शेवटी घेतेच ना तिला. तुमची नात म्हणून पुढे केलं, असं उगाच कुणी बोलायला नको."

"बोलू देत!" बाईंचा आवाज पार दालनापर्यंत गेला असणार. "माझी नात आहे ती. तिचा हात वर आहे. आधी तिला विचार."

औषधवालीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंना तिची दयाही आली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. टिल्ली उभी राहिली. भेदरली होती, मधली एक ओळ खाऊन गेली, दात पडल्यामुळे अर्धे शब्द हवेतच गेले. पण शेवटापर्यंत म्हणाली आणि धपकन खाली बसली. बाईंनी दार ओढून घेतलं आणि वळल्या.

मागे मुलगा उभा होता. व्हरांड्याच्या खांबाशी, टोपी हातात. कधी फाटकाच्या आत आला, किती पाहिलं, कुणास ठाऊक. सगळंच पाहिलं असावं.

आत पुढच्या मुलाने वचन सुरू केलं होतं.

"आई," तो म्हणाला, "माझाही हात वर असायचा."

बाईंना त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. एवढी मुलं, एवढा गोंधळ, मागचा बाक. कुणालाही पटलं असतं. पण आयुष्यात एकदा तरी या पोराला त्याच्या हक्काचं द्यायचं म्हणून त्या खरं बोलल्या.

"दिसायचा रे," त्या म्हणाल्या. "दर वेळी दिसायचा."

त्याने मान हलवली. टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला.

"मला वाटायचं, मी मागे बसतो, तुला दिसत नसेल," तो म्हणाला. "एवढी वर्षं तेवढंच धरून होतो मी."

बाईंचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. तेवढ्यात वर्ग सुटला. टिल्ली गर्दीतून धावत आली, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि ओरडली, "बाबा, मी म्हटलं!" तो नाडी बांधायला तिच्या पायाशी खाली बसला. नाडी बांधून झाली, तरी बराच वेळ त्याने मान वर केली नाही.