साखळदंडाआधीचं एक मिनिट

रहाटणीतल्या आमच्या गल्लीचं गणेश मंडळ दर वर्षी जिवंत देखावा करतं. कलाकार मंडळातलेच असतात. दिवसा कंपनीत, संध्याकाळी स्टेजवर. ते फक्त अभिनय करतात, आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून त्या आवाजाची संहिता लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. अट एकच: पाच मिनिटांच्या वर जायचं नाही, कारण गर्दी पुढे सरकली पाहिजे.

त्या वर्षी विषय ठरला अहमदनगरच्या निजामशाहीतला हबशी वजीर. लहानपणी विकला गेलेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जात दख्खनमध्ये पोचलेला आणि पुढे गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा. मी मराठवाड्यातला. त्याने खोदवलेल्या नहरींच्या शहरात माझं शिक्षण झालं, त्यामुळे विषय मीच सुचवला होता. पहिला प्रसंग गुलामांचा बाजार, दुसरा घोडदळाचा, तिसरा नहरीचा.

मंडळाचे अध्यक्ष रहाटणीच्या मूळ गावातल्या जुन्या घराण्यातले. त्यांना पहिला प्रसंग फार पसंत पडला. साखळदंडातल्या माणसासाठी त्यांनी लगेच आमच्या इमारतीतला भाडेकरू सुचवला. हा मुलगा इथिओपियाचा, आकुर्डीच्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. पुढच्या दोन प्रसंगांतला वजीर मात्र मंडळाचा खजिनदार होणार होता. तो चाकणला एका कंपनीत कामाला, उंच आणि गोरापान.

विद्यार्थ्याला बैठकीला बोलावलं. त्याला मराठी कळत होतं, बोलताना अडला की हिंदीचा आधार घेई. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढच्या प्रसंगात हा माणूस गोरा कसा होतो?

"पवना नदीचं पाणी हाय भावा," अध्यक्ष म्हणाले. "तूबी चार वर्सं ऱ्हा, व्हशील."

"तीन झाली," तो म्हणाला. "आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. त्याने होत नाही."

सगळे हसले. खजिनदारानेच भूमिका सोडली. मोगल सरदाराचा अंगरखा जास्त चांगला आहे, असं त्याने जाहीर केलं. वजिराची भूमिकाही विद्यार्थ्याकडे आली. बैठक संपली असं वाटत असताना विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न विचारला. या वजिराचं गाव कोणतं?

आमच्या भागात नव्या माणसाला पहिला प्रश्न हाच असतो. कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या टपरीवर, खोली भाड्याने देताना. लातूर म्हटलं की तालुका विचारतात, तालुका सांगितला की पाऊसपाणी. विद्यार्थ्यालाही अनेकांनी गाव विचारलं होतं. त्याने इथिओपिया म्हटलं की पुढचा प्रश्न येत नसे. हे त्याच्या लक्षात राहिलं होतं.

"तुम्ही सगळ्यांना गाव विचारता," तो म्हणाला. "याला सरळ बाजारात उभं केलं. साखळीच्या आधी काहीतरी पाहिजे. नाहीतर मी उभा राहणार नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. एक मिनिट देतो, त्याच्या वर नाही, आणि लिहायचं त्याचं त्यानेच, असं त्यांनी सांगितलं.

अडचण दुसऱ्या दिवशी समजली. काय लिहायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो हरार शहराजवळच्या एका गावातला, ओरोमो समाजातला. शाळेत उत्तरेकडच्या सम्राटांचा इतिहास शिकवला गेला होता. आपल्या लोकांविषयी त्याला पुस्तकातलं जेमतेम पानभर आठवत होतं. हरारची जुनी तटबंदी त्याने लहानपणापासून पाहिली होती. ती कोणी बांधली, का बांधली, हे त्याला सांगता येईना. सणापर्यंत हे शिकून घ्यायचं, असं त्याने ठरवलं आणि तो मागे हटला नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात काही मिळालं नाही. इंटरनेटवरची इंग्रजी पुस्तकं तो बसमध्ये वाचे. रविवारी आजीला फोन करी. गदा हा ओरोमो शब्द, गोत्र हा शब्द आपण ऐकतो तसा, त्याने घरात ऐकला होता. आता त्याला कळलं की ती एक राज्यव्यवस्था आहे. पिढ्यांचे गट असतात आणि दर आठ वर्षांनी कारभार एका गटाकडून दुसऱ्याकडे जातो. आजोबा कोणत्या गटातले, हे आजीने सांगितलं. मग तिने त्याच्याकडून पूर्वजांची नावं पाठ करून घेतली. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जिन्यातून जाताना ती घोकणी मला ऐकू येत असे.

जे नवं कळेल ते तो मला येऊन सांगे. मी सवयीने विचारत असे, हे पक्कं की ऐकीव? एके दिवशी तो वेगळंच काही घेऊन आला. हरारची तटबंदी ओरोमोंना बाहेर ठेवण्यासाठी बांधली गेली, असं त्याने वाचलं होतं. ज्या भिंतीचा फोटो त्याने खोलीत लावला होता ती त्याच्याच लोकांविरुद्ध उभी राहिली होती. त्यानंतर काही दिवस तो वर माझ्याकडे आला नाही. आला तेव्हा ते वाक्य त्याच्या मसुद्यात होतं. खोलीतला फोटोही त्याने उतरवला नव्हता.

तो मसुदा मात्र मला मान्य करता येईना. त्याने सगळं वजिराच्या तोंडी घातलं होतं. वजीर ओरोमो, त्याचा बाप अमक्या गटातला. काही अभ्यासक म्हणतात की वजीर बहुधा हरारच्या मुलुखातला असावा. त्यापलीकडे खात्रीने बोलता येत नाही, असं मी सांगितलं.

"तुमच्या नहरी पक्क्या," तो म्हणाला, "आणि माझं सगळं ऐकीव का काका?"

तो उठून गेला. नवा मसुदा घेऊन आला तेव्हा त्याची सुरुवात अशी होती: 'मी हरारकडचा. या वजिराचं गाव कोणालाच नक्की माहीत नाही, म्हणून मी माझं सांगतो.' पुढे तटबंदी, गदा, आणि शेवटी पूर्वजांची नावं, त्याच्या भाषेत. त्यात मी फक्त क्रियापदं दुरुस्त केली.

रेकॉर्डिंग मिनिटाच्या वर गेलं. अध्यक्षांनी नावं कापायला सांगितली. "बापाचं, आज्याचं ठीक हाय. फुडची कुनाला कळनार?"

"अध्यक्ष, तुमची किती येतात?" विद्यार्थ्याने विचारलं.

अध्यक्षांनी बोटं मोजायला घेतली. बाप, आजा, पणजा. तिथे बोट थांबलं. त्याच्या म्होरं सातबाऱ्यात बघाया लागंल, ते म्हणाले. पोरं हसली तेव्हा त्यांनी एकाला दटावलं. मग साऊंडवाल्याला सांगितलं, "नावं ऱ्हाऊ दे. घोडी कमी पळीव."

पहिल्या संध्याकाळी नावं सुरू झाल्यावर काही लोक पुढे सरकले, साखळ्यांची वाट पाहत काही थांबले. खांद्यावर मुलगी घेतलेल्या एकाने ही कुठली भाषा म्हणून विचारलं. दोरीपाशी उभे असलेले अध्यक्ष उत्तरले, "हरारकडचा हाय." आपल्या शेजारच्या तालुक्याविषयी बोलावं तसं.

खेळ संपल्यावर विद्यार्थी मेकअप पुसत खाली आला. अध्यक्षांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, तिकडं रानात काय पिकतं?

"ज्वारी," तो म्हणाला.

"व्हय? आन भाकरी करत्यात?"

"पीठ आंबवतात. घावनासारखं करतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे पक्कं आहे, काका."